योबेल वर्ष आणि आपले घर
(महोत्सवानिमित्त राहुरी येथे भरलेल्या कुटुंबसभेतील व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाचा मंगल दिवस जवळ येत आहे. मंडप कोठे घालावा, पंगती किती बसतील, गायकवर्गाने कोणती गीते बसवावी, याचा विचार मंडळी मोठ्या उत्साहाने करीत आहेत, आणि तो करणे योग्यच आहे. परंतु ज्या सोहळ्यास आपण ज्युबिली म्हणतो, त्या शब्दाचे मूळ काय, हे आज क्षणभर पाहावे अशी आमची विनंती आहे.

हा शब्द इब्री भाषेतील ‘योबेल’ या शब्दावरून आला. योबेल म्हणजे मेंढ्याचे शिंग. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात परमेश्वराने मोशेच्या द्वारे आपल्या लोकांस आज्ञा दिली की, सहा वर्षे शेत पेरावे, परंतु सातवे वर्ष जमिनीच्या विसाव्याचे असावे. अशी सात सप्तके, म्हणजे ४९ वर्षे, लोटली म्हणजे शिंग फुंकून ५० वे वर्ष पवित्र म्हणून जाहीर करावे. त्या वर्षी दासांस मोकळे करावे, विकलेले वतन मूळ कुटुंबास परत मिळावे, आणि पेरणी-कापणी करू नये. याचे कारणही तेथेच सांगितले आहे. जमीन माणसाच्या कायमच्या मालकीची नाही. ती परमेश्वराची आहे, आणि आपण तिच्यावर चार दिवस उतरलेले पाहुणे आहोत.

बंधुभगिनींनो, ज्या सोहळ्याच्या मूळ आज्ञेत मंडपाचा उल्लेख नाही पण मातीचा आहे, तो सोहळा साजरा करताना आपल्या पायांखालच्या मातीची चौकशी आपण करावयास नको काय?

आपला राहुरीचा मुलूख मुळा नदीच्या काठचा, पण पर्जन्यछायेतला. १९७२ सालच्या दुष्काळात खडी फोडलेले हात आपल्यापैकी काही घरांत अजून आहेत. पुढे बारागाव नांदूर येथील मुळा धरणाचे पाणी कालव्यांतून शेतांत खेळू लागले. त्या धरणाची साठवण २६ टीएमसी, म्हणजे २६०० कोटी घनफूट आहे. १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ तर आपल्या दाराशीच आहे. पाणी आले, ऊस आला, पक्की घरे आली, मुले शिकली. या सर्वांबद्दल देवाचे आभार मानावे तितके थोडेच. परंतु पाणी हाताशी आले तशी त्याची किंमत मनातून उतरली. मोजमापावाचून पाणी दिल्याने आणि निचरा न राहिल्याने चांगली काळी जमीन खारवट व चोपण होते, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. योबेलचा विसावा तर दूरच, आपण तिला ऊस तुटल्यावर चार दिवसांचीही उसंत देत नाही.

येथे आम्ही दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवीत नाही. आमचाच अपराध आपणांपुढे सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेतातला ऊस तुटून गेला. खोडवा राखावयाचा होता, पाळीचे पाणी दोन दिवसांवर आले होते, आणि मजूर मिळेनात. आम्ही घाई केली आणि पाचटास काडी लावली. वारा फिरला. जाळ बांधावर चढला आणि आमच्या वडिलांनी हाताने लावलेला, ज्याच्या सावलीत आम्ही लहानपणी भाकरी खाल्ली तो लिंब एका अंगाने करपून गेला. हेक्टरी सुमारे ८ ते १० टन पाचट निघते. ते सरीत पसरून, बुडखे जमिनीलगत छाटून, वर थोडे खत व कुजविणारे जिवाणू टाकले, तर त्याचेच खत होते, ओल टिकते, तणही कमी होते. हे आमच्याच गावाजवळचे विद्यापीठ वर्षानुवर्षे सांगत आले आहे, आणि आम्हांस ते ठाऊक होते. अज्ञानाने केलेली चूक निराळी आणि ठाऊक असून केलेली निराळी. त्या लिंबाची करपलेली बाजू अजून पालवली नाही. बांधावरून जाताना तिकडे पाहण्याचे आम्ही टाळतो.

आता कोणी म्हणेल, ‘मोठमोठे कारखाने धूर सोडतात, शहरे नद्यांत घाण लोटतात, तेथे आमच्या चार खोल्यांच्या घराने काय होणार?’ हा प्रश्न खोटा नाही. मोठ्यांनी आपला हिशेब दिलाच पाहिजे, आणि तो मागण्याचा आपल्यास हक्क आहे. परंतु देवापुढे उभे राहू त्या दिवशी आपणांस शेजाऱ्याचा हिशेब विचारला जाणार नाही. आपला विचारला जाईल.

परमगुरू पोप फ्रान्सिस, ज्यांस २०२५ साली प्रभूने आपल्याकडे बोलाविले, यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढले. त्याचे नाव असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या स्तुतिगीतावरून घेतले आहे. याच संतास पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली पर्यावरणाची काळजी वाहणाऱ्यांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले होते. एवढ्या थोर परिपत्रकात पोपमहाराज कशाविषयी लिहितात? राष्ट्रांच्या कर्तव्याविषयी लिहितातच. पण त्याबरोबर पाणी बेताने वापरणे, खाता येईल तेवढेच शिजविणे, कचरा वेगळा करणे, नको असलेले दिवे मालविणे, झाडे लावणे, अशा घरगुती गोष्टींची यादीही देतात, आणि अशा लहान कृत्यांस निष्फळ समजू नये असे बजावतात. आमच्या आजीने हे परिपत्रक वाचले नव्हते. परंतु तव्यावरची शेवटची भाकरी कोणाच्या पोटात जाईल, हे ठरल्यावाचून ती चूल विझवीत नसे.

तर मग करावे कसे? पुष्कळ मंडळी म्हणतात, ‘यापुढे आम्ही सृष्टीची काळजी घेऊ.’ ऐकावयास हे गोड वाटते, पण प्रायश्चित्त-संस्काराच्या वेळी ‘यापुढे मी चांगला वागेन’ एवढेच म्हणणाऱ्याची जी गत होते, तीच या निश्चयाची होते. धर्मगुरू विचारतात, ‘बाळ, नेमके काय सोडशील?’ ज्या निश्चयास दिवस नाही, ठिकाण नाही, मोजमाप नाही, तो निश्चय नव्हे, ती नुसती इच्छा होय.

या कामी येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांनी एक साधी युक्ती ठेवून दिली आहे. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात, ज्यास १५४८ साली पोपमहाराजांची मान्यता मिळाली, ‘विशेष परीक्षण’ नावाची पद्धत आहे. ती अशी: आपल्या अंगचा एकच दोष निवडावा. सकाळी उठताच त्याविषयी सावध राहण्याचा निश्चय करावा. दुपारच्या जेवणानंतर आणि पुन्हा रात्रीच्या जेवणानंतर, किती वेळा चुकलो हे आठवून कागदावरील रेघेवर तितके ठिपके द्यावे. मग आजच्या दिवसाची कालच्या दिवसाशी, या आठवड्याची मागल्या आठवड्याशी तुलना करावी. यात विद्वत्ता लागत नाही, पैसा लागत नाही; लागतो तो फक्त खरेपणा.

आम्ही ही पद्धत घरात कशी आणली, ते सांगतो. आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. सकाळी मोटार सुरू करावी आणि कोणी चहात, कोणी वर्तमानपत्रात गुंतावे. टाकी भरून पाणी पन्हळीवाटे अंगणात, अंगणातून रस्त्यावर. एके दिवशी गृहिणी म्हणाली, ‘अहो, दूध उतू जाताना दिसले की आपण हातातले टाकून धावता. पाणी रोज उतू जाते, तेव्हा पाय का उचलत नाही?’ आमच्यापाशी उत्तर नव्हते. धाकट्या मुलाने सांडणाऱ्या पाण्याखाली १५ लिटरची बादली धरली. ती एका मिनिटात भरली. दहा मिनिटे टाकी वाहिली तर १५० लिटर! सरकारच्या जलजीवन मिशनने, जे २०१९ साली सुरू झाले, गावातील माणसास दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. म्हणजे आम्ही चहा संपेतो जवळजवळ तीन माणसांचे दिवसाचे पाणी रस्त्यावर ओतीत होतो.

त्या रात्री रोझरीनंतर आम्ही दाराशेजारी एक कागद लावला. टाकी वाहिली की एक ठिपका. पहिल्या आठवड्यात पाच ठिपके पडले, आणि त्यांतले तीन आमच्याच नावावर होते! मुलांसमोर बापाने ठिपका द्यावयाचा, ही गोष्ट सोपी नाही. पण त्यानेच काम केले. चौथ्या आठवड्यात एकच ठिपका पडला. आता मोटार सुरू करणाऱ्याने टाकी भरेतो जागा सोडावयाची नाही, असा घरचा नियमच झाला आहे. ठिपका आजही कधी कधी पडतो, हेही आम्ही लपवीत नाही.

आता आपल्या घरासाठी काय निवडावे? काही गोष्टी सुचवितो. यांतून एकच घ्यावी, कारण सात निश्चय एकदम करणारा आठव्या दिवशी एकही पाळीत नाही.

ज्यांची शेती आहे त्यांनी एका हंगामापुरते, निदान एका शेतात, पाचट न जाळण्याचा निश्चय करावा.

ज्यांच्या घरी जुने पिवळे दिवे आहेत त्यांनी एक दिवा बदलावा. ६० वॅटचा दिवा रोज ५ तास जळाला तर महिन्यास ९ युनिट वीज खातो. त्याच जागी ९ वॅटचा एलईडी दिवा १.३५ युनिटांत भागवितो. बचत कागदावर मांडून मुलांस दाखवावी.

बाजारास जाताना कापडी पिशवी घ्यावी. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदीचा कायदेशीर हुकूम निघाला; पण आपण हात पुढे केल्यावाचून दुकानदार पिशवी देत नाही, हेही तितकेच खरे.

अन्नाविषयी प्रभूचाच धडा घ्यावा. पाच हजारांस तृप्त केल्यावर, ज्याच्या हातून भाकरी वाढत होत्या त्याने शिष्यांस उरलेले तुकडे गोळा करावयास लावले, आणि बारा टोपल्या भरल्या. ज्यास काहीच कमी नव्हते त्याने तुकडा वाया जाऊ दिला नाही. मग आपल्या लग्नाच्या पंगतींत पानांवर टाकलेल्या भाताचे समर्थन आपण कोणत्या तोंडाने करावे?

आणखी एक सूचना पुरुषमंडळींस आहे. असे निश्चय घरात होतात आणि त्यांचा भार बायकांच्या शिरावर पडतो. कचरा वेगळा करावा असे यजमान ठरवितात; तो वेगळा करते गृहिणी. हे न्यायाचे नव्हे. निश्चय ज्याने केला, ठिपकाही त्याच्याच नावाने पडावा.

घरचा हिशेब हळूहळू गावचा हिशेब होतो, याची उदाहरणे आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, आहेत. हिवरे बाजारास श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावकरी दरवर्षी पाऊस किती झाला हे पाहून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्याप्रमाणे पिके ठरवितात. शेतीसाठी कूपनलिका घेणे त्यांनी बंद केले आहे. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी याच जिल्ह्यात पाणलोटाचे काम उभे केले, आणि १९९३ साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेतला. त्या कामात गावाने प्रथम श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वीकारावी लागे. पैसा नंतर, संयम आधी. उघड्या माळावर उभे राहून एका धर्मगुरूने जे ओळखले, ते आपल्यास स्वयंपाकघरात उभे राहून ओळखता येणार नाही काय?

शेवटी आमची एक नम्र विनंती आहे. महोत्सवाच्या दिवशी प्रत्येक कुटुंबाने एका चिठ्ठीवर आपला एकच निश्चय लिहावा: काय करणार, कोण करणार, केव्हापासून करणार. मिस्साच्या अर्पणविधीच्या वेळी भाकर आणि द्राक्षारसाबरोबर त्या चिठ्ठ्या वेदीपाशी न्याव्या. भाकर मातीतून येते, द्राक्षारस वेलीतून येतो. माती व वेल राखण्याचा निश्चय त्यांच्या शेजारी शोभून दिसेल. पुढील वर्षी त्याच दिवशी प्रत्येक घराने आपली चिठ्ठी आठवून, रोझरीनंतर, आपले ठिपके मोजावे. आणि त्या दिवशीची पंगत पळसाच्या पत्रावळींवर बसावी, म्हणजे महोत्सव संपल्यावर देवळामागे आपल्या आनंदाचा कचरा उरणार नाही.

आम्हीही आमची चिठ्ठी लिहून ठेविली आहे. तीत टाकीचे नाव नाही. ते काम आता मुले पाहतात. तीत पाचटाचे नाव आहे. यंदाचा ऊस तुटेल तेव्हा मजूर मिळोत वा न मिळोत, काडी लावणार नाही, असे आम्ही लिहिले आहे. त्या करपलेल्या लिंबाशेजारी या पावसाळ्यात एक नवे रोप लावावयाचे आहे. त्याच्या सावलीत आम्ही बसू की नाही, हे प्रभू जाणे. कोणीतरी बसेल, एवढे पुरे.

ज्याने ही भूमी आपल्या हाती विश्वासाने सोपविली, तो सर्वसमर्थ पिता आपणां सर्वांस लहान गोष्टींत विश्वासू राहण्याची कृपा देवो. आणि पवित्र मरिया, आपली माउली, आपल्या घरांवर व शेतांवर आपली छाया ठेवो. आमेन.