न झालेले एकत्रीकरण : झाशीच्या सीमेवरून



'विलीनीकरण' हा शब्द झाशीला नवा नाही. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव नेवाळकर निवर्तले, दत्तकपुत्राचा हक्क लॉर्ड डलहौसीने अमान्य केला आणि पुढच्याच वर्षी हे संस्थान ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात सामील करण्यात आले. एका कंपनीने घडवून आणलेल्या त्या विलीनीकरणाची कथा महाराष्ट्रात आणि बुंदेलखंडात घरोघर ठाऊक आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र नेमका उलटा आहे. दोन मोठ्या कंपन्यांचे ठरलेले एकत्रीकरण मोडले, तर त्याचे परिणाम कुठवर पोचतात, याचा येथे विचार करावयाचा आहे. लग्न मोडले म्हणजे दोन्ही घरे आपापल्या जागी पूर्ववत राहिली, असा एक समज असतो. व्यापारी जगात तो क्वचितच खरा ठरतो. कारण दरम्यानच्या काळात दोन्ही घरांनी आपापली चूल विझवलेली असते.

प्रकरण दूरसंचाराचे आहे. १४ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स कम्युनिकेशन्स आणि एअरसेल या कंपन्यांनी आपले भ्रमणध्वनीचे व्यवसाय एकत्र करण्याचे जाहीर केले. पहिलीचे मुख्य ठाणे नवी मुंबईत कोपरखैरणे येथे होते. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्सच्या मोबाइल सेवेचा आरंभ झाला आणि पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात ५०१ रुपयांत हाती फोन देण्याची तिची योजना एवढी गाजली, की ज्यांच्या घरी कधी तारेचाही टेलिफोन आला नव्हता असे लोक त्या निमित्ताने प्रथमच ग्राहक झाले. एअरसेलचा जन्म तमिळनाडूतला. पुढे मलेशियातील मॅक्सिस कंपनीने तिचे बहुतांश भागभांडवल घेतले. ठरले ते असे, की नव्या कंपनीत दोन्ही पक्षांचा वाटा निम्मानिम्मा राहील. रिलायन्सच्या डोक्यावरचे २०,००० कोटी रुपयांचे आणि एअरसेलचे ४,००० कोटी रुपयांचे कर्ज त्या नव्या कंपनीकडे जाईल, म्हणजे जुन्या घरांचा भार तेवढा हलका होईल.

या घोषणेच्या नऊच दिवस आधी, ५ सप्टेंबर २०१६ रोजी, जिओ कंपनीने आपली सेवा सुरू केली होती, आणि ती आरंभीचे काही महिने चक्क फुकट दिली. बाजारात एक दुकान फुकट माल वाटू लागले म्हणजे शेजारच्या दुकानदारांनी एकत्र यावेसे वाटणे स्वाभाविकच होते. व्होडाफोन आणि आयडिया यांनीही मार्च २०१७ मध्ये तसेच ठरवले आणि ३१ ऑगस्ट २०१८ रोजी ते तडीस नेले. प्रस्तुत दोन कंपन्यांचे मात्र तसे झाले नाही.

का झाले नाही, याचे एकच एक उत्तर देता येत नाही. एअरसेलच्या जुन्या भागविक्रीवरून खटला चालू होता. त्या प्रकरणी मलेशियातील मालक न्यायालयापुढे हजर होत नसतील तर कंपनीला मिळालेल्या तरंगलहरी दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नयेत, असा मनोदय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये बोलून दाखवला. तरंगलहरी, अर्थात स्पेक्ट्रम, ही अशा कंपनीची खरी शेतजमीन. ती हस्तांतरित होणार नसेल तर उरते काय? त्यातच सावकारांच्या संमतीला विलंब लागला, पैसे येणे असलेल्या पुरवठादारांनी हरकती घेतल्या, आणि एरिक्सन कंपनीने आपल्या थकबाकीसाठी सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनी न्यायाधिकरणाचे दार ठोठावले. १ ऑक्टोबर २०१७ रोजी हा करार उभयपक्षी संमतीने संपुष्टात आल्याचे जाहीर झाले. योगायोग असा, की त्याच महिन्याच्या अखेरीस रिलायन्सने सिस्टेमा श्याम या दुसऱ्या, लहान कंपनीचे विलीनीकरण पुरे केले. घरात एक कार्य मोडले आणि दुसरे पार पडले. पण जे पार पडले त्याने कर्ज फिटणार नव्हते.

सुमारे साडेबारा महिने हा करार लोंबकळत होता. हानीचे मूळ करार मोडण्याच्या दिवसात नसून या साडेबारा महिन्यांत आहे, असे कागदपत्रे पाहिल्यावर वाटते. उद्या जे जाळे दुसऱ्याच्या जाळ्यात मिसळणार, त्यावर आज कोण खर्च करील? एकाच गल्लीत दोघांचे मनोरे असतील तर त्यांतला एक पाडावयाचा आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. तेव्हा नवी यंत्रे घेणे लांबते, पुरवठादारांची बिले 'एकत्रीकरणानंतर' या शब्दावर थांबतात आणि सावकारही त्याच आशेवर मुदत वाढवतात. रिलायन्सच्या बँकांनी जून २०१७ मध्ये परतफेडीला सात महिन्यांची सवलत दिली, तिच्या मुळाशी हीच आशा होती. त्या काळात कंपनीवरील कर्ज सुमारे ४५,००० कोटी रुपयांचे होते. आशेचे तारण घेऊन दिलेली ही मुदत संपण्याआधीच आशा संपली.

आता झाशीकडे वळावयास हवे. मोबाइल सेवेसाठी भारताचे २२ विभाग पाडलेले आहेत. त्यांना परिमंडळ अथवा बोलीभाषेत सर्कल म्हणतात. परवाना आणि तरंगलहरी या परिमंडळागणिक दिल्या जातात. उत्तर प्रदेशाची दोन परिमंडळे असून झाशी, नकाशावर राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला असूनही, 'उत्तर प्रदेश पूर्व' या परिमंडळात मोडते. नकाशा पाहिला असता हा जिल्हा मध्य प्रदेशात खुपसलेल्या बोटासारखा दिसतो. शहरापासून ओरछा जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर, दतिया सुमारे तीस किलोमीटर. आणि ही दोन्ही गावे मध्य प्रदेश परिमंडळात येतात. शहरातला माणूस ओरछ्याच्या रामराजाला जातो, दतियाला पीतांबरा पीठाच्या दर्शनाला जातो, माल घेऊन जातो, लेकीला भेटायला जातो. तेव्हा तो एक अदृश्य सीमा ओलांडत असतो. रोमिंगचा वेगळा आकार होता तोवर ती सीमा बिलात दिसे. तो आकार गेल्यावर ती विस्मृतीत गेली होती.

त्या हिवाळ्यात ती सीमा पुन्हा उभी राहिली. झाशीतल्या एखाद्या किरकोळ व्यापाऱ्याची कल्पना करावी. दुकानावरच्या पाटीवर रिलायन्सचा क्रमांक आहे आणि खिशातल्या दुसऱ्या फोनात एअरसेलचे कार्ड आहे, कारण त्याचे दर स्वस्त. १ डिसेंबर २०१७ पासून रिलायन्सची बोलण्याची सेवा बंद होणार असे जाहीर झाले. ज्या परिमंडळांत केवळ ४जी डेटा पुरवण्याचे कंपनीने कळवले, त्यांत उत्तर प्रदेश पूर्वही होते. पाटीवरचा क्रमांक मुका झाला. नंतर एअरसेलने ३० जानेवारी २०१८ पासून सहा परिमंडळांतली सेवा बंद केली : गुजरात, महाराष्ट्र, हरियाणा, हिमाचल प्रदेश, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश पश्चिम. या यादीत उत्तर प्रदेश पूर्व नव्हते. म्हणजे कागदोपत्री झाशीत एअरसेल जिवंत, आणि दतियाला त्याचे स्वतःचे जाळे संपलेले. ज्याचा अर्धा व्यवहार शहरात आणि अर्धा सीमेपलीकडे, त्याच्या दृष्टीने हा अर्धा जिवंत फोन बंद फोनाहूनही त्रासाचा. बंद फोनाची निदान खात्री असते. पुढे महिनाभरात, २८ फेब्रुवारी २०१८ रोजी, एअरसेलने मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणापुढे दिवाळखोरीचा अर्ज दिला, आणि ही तफावतही फार काळ टिकली नाही.

क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय भारतात २०११ पासून होती आणि जुलै २०१५ पासून ती एका परिमंडळातून दुसऱ्यात जातानाही मिळू लागली होती. मग अडचण कोणती, असे कोणी विचारील. अडचण प्रक्रियेत होती. कंपनी बदलण्यासाठी १९०० या क्रमांकावर संदेश पाठवून एक सांकेतिक कोड मिळवावा लागे, आणि तो संदेश जाणार त्याच कंपनीच्या जाळ्यावरून जी बुडत होती. नाव बुडू लागली असता उतरण्याचा परवाना नावाड्याकडूनच आणावा, अशातला हा प्रकार. नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मुदती वाढवल्या आणि कंपनीला सूचनाही दिल्या. पण ज्याच्या फोनावर एकही रेषा उमटत नाही त्याला त्या सूचनांचा उपयोग बेताचाच. शिवाय भरलेले पैसे क्रमांकाबरोबर जात नाहीत. आगाऊ भरणा केलेली शिल्लक जुन्या कंपनीतच राहते. ती परत करावी, असे ट्रायने २०१८ मध्ये सांगितले खरे. परंतु वीस-पंचवीस रुपयांसाठी अर्ज घेऊन कोण कुठे जाणार?

क्रमांक जाणे ही एरवी किरकोळ गैरसोय म्हणता आली असती. २०१८ च्या आरंभी ती तशी नव्हती. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर बँकेचा व्यवहार मोबाइलवर येणाऱ्या संकेतांकावर आलेला होता. मोबाइल क्रमांक आधारशी जोडण्याची तेव्हाची शेवटची मुदत ३१ मार्च २०१८ होती, म्हणजे मध्य प्रदेशात एअरसेल बंद पडल्यानंतर अवघ्या दोन महिन्यांची. पुढे ती मुदत वाढली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सक्तीच रद्द केली. पण जानेवारीत दुकानासमोर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हे माहीत नव्हते. बुंदेलखंडातून दिल्ली, सुरत, मुंबईकडे मजुरीला जाणाऱ्यांचा प्रश्न आणखी बिकट. गावी बँकेत नोंदवलेला क्रमांक परगावी बंद पडला, तर तो बदलण्यासाठी गावीच यावे लागे, आणि येण्याजाण्यात रोज बुडे.

दुकानदाराविषयीही दोन शब्द बोलणे भाग आहे, कारण ताळेबंदात तो कुठेच दिसत नाही. रिचार्ज विकणारा दुकानदार वितरकाकडून आगाऊ पैसे मोजून शिल्लक विकत घेतो आणि थोड्या टक्क्यांवर ती ग्राहकाला विकतो. कंपनी बंद पडते त्या दिवशी त्याच्याकडे उरलेली शिल्लक म्हणजे नासलेले दूध. दिवाळखोरीच्या कायद्यात येणेकऱ्यांची उतरंड आहे. बँका वर, माल व सेवा पुरवणारे त्यांच्या खाली. गल्लीतला दुकानदार त्या उतरंडीच्या तळाशीही क्वचितच सापडतो.

जे मोठे होते त्यांनाही झळ लागली. नवी मुंबईच्या जीटीएल इन्फ्रास्ट्रक्चर या कंपनीने २०१० मध्ये एअरसेलचे १७,५०० मनोरे सुमारे ८,४०० कोटी रुपयांना घेतले होते. त्या मनोऱ्यांवरचा मुख्य भाडेकरूच नाहीसा झाला. एरिक्सनने अखेर ५५० कोटी रुपयांवर तडजोड केली. तेही वेळेत मिळाले नाहीत, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०१९ रोजी रिलायन्सचे अध्यक्ष अनिल अंबानी यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरले, आणि मार्चमध्ये ती रक्कम चुकती झाली. दरम्यान कंपनीने आपली मालमत्ता जिओला विकण्याचा दुसरा करार केला होता. तोही मार्च २०१९ मध्ये मोडला.

करार मोडला की नेहमी असेच होते असे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने २०११ मध्ये टी-मोबाइल ही स्पर्धक कंपनी ३९ अब्ज डॉलरना घेण्याचे ठरवले. सरकारने खटला भरला आणि डिसेंबर २०११ मध्ये बेत रद्द झाला. परंतु करारातच लिहिलेले होते, की बेत फसला तर एटी अँड टीने भरपाई द्यावी. त्यानुसार टी-मोबाइलला तीन अब्ज डॉलर रोख आणि शिवाय तरंगलहरी मिळाल्या. त्या बळावर ती कंपनी सावरली, आणि २०२० मध्ये तिनेच स्प्रिंट ही दुसरी कंपनी आपल्यात सामावून घेतली. मोडलेल्या लग्नात मुलीकडे दागिने राहिले, असे म्हणावे हवे तर. येथे तसे देणारे कोणीच नव्हते. दोन्ही पक्ष कर्जात, आणि दोघेही दुसऱ्याच्या आधाराने उभे राहू पाहणारे.

ग्राहक मात्र कुठे तरी गेलेच. एअरसेल आणि रिलायन्सचे कोट्यवधी ग्राहक उरलेल्या मोजक्या कंपन्यांत वाटले गेले. टेलिनॉर आणि टाटा यांचे मोबाइल व्यवसायही याच सुमारास एअरटेलमध्ये गेले. देशात तीन खाजगी कंपन्या आणि सरकारी दूरसंचार सेवा एवढेच उरले. डिसेंबर २०१९ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी थोड्याच दिवसांच्या अंतराने दर वाढवले आणि जुलै २०२४ मध्ये पुन्हा वाढवले. फुकटाचे दिवस संपले होते, आणि दर न पटल्यास दुसरीकडे जावे म्हटले तर तसे दुसरे दुकान शिल्लक नव्हते.

रिलायन्सचे मनोरे आणि तंतुवाहिन्या सांभाळणारी उपकंपनी, रिलायन्स इन्फ्राटेल, दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून डिसेंबर २०२२ मध्ये विकली गेली. तिच्याकडे ४३,००० हून अधिक मनोरे होते आणि सुमारे १ लाख ७८ हजार किलोमीटरची तंतुवाहिनी होती. किंमत ठरली ३,७२० कोटी रुपये. विकत घेणारी कंपनी होती जिओ.