निबंधावर नाव कोणाचे?



पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांच्या वतीने मी आपले मनापासून स्वागत करतो. आभासी जगात आणि ऑनलाइन समूहांत माणसे कशी शिकतात, आणि त्यांच्यावर संशोधन कसे करावे, या विषयाची परिषद मुंबई-पुण्याऐवजी इथे पेणला भोगावती नदीच्या काठी भरवावी असे आयोजकांना वाटले, याचा आम्हाला आनंद आहे.

स्वागताध्यक्षाने गावाची ओळख करून द्यावी, अशी रीत आहे. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक असेल. स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म रोह्याचा, 1920 चा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले चिंतामणराव देशमुख यांचे नाव रोह्याच्या महाविद्यालयाला आहे. आणि पेण तालुक्यातल्या गागोद्यात 1895 साली विनोबा भावे जन्मले. त्यांची गीतेवरची प्रवचने आज घराघरांत आहेत, ती 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात झाली. साने गुरुजी तिथेच कैदेत होते, त्यांनी ती टिपून घेतली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. मला आजच्या विषयासाठी हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. सांगणारा, ऐकणारे आणि टिपून घेणारा, तिघेही एकाच भिंतीच्या आत होते. टिपणारा ऐकणाऱ्यांपैकीच एक होता. आजच्या ऑनलाइन समूहात बोलणारा पेणजवळच्या हमरापूरला असतो, ऐकणारा न्यू जर्सीला आणि टिपून घेणारा अभ्यासक कुठे आहे, हे दोघांनाही माहीत नसते. मला जे सांगायचे आहे, ते या तिसऱ्या माणसाबद्दल आहे.

पण त्याआधी, ज्यांना या जगाचा दरवाजाच उघडता आला नाही त्यांच्याबद्दल बोलले पाहिजे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. घरांची छपरे गेली, नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, मोबाइलचे टॉवर बंद पडले. कित्येक गावे कितीतरी दिवस अंधारात होती. आणि त्याच पावसाळ्यात करोनामुळे राज्यातल्या शाळांचे वर्ग मोबाइलवर भरू लागले. डोंगरातल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवर तर वादळाआधीही रेंज शोधत टेकाडावर जावे लागे. ऑनलाइन शिक्षणाने अंतर मिटवले, असे वाक्य आपल्या निबंधांत येईल तेव्हा त्या वाड्यांवरची मुले डोळ्यांसमोर ठेवा, एवढी माझी विनंती आहे. ज्याच्या घरात वीज नव्हती त्याच्यासाठी अंतर वाढले होते.

तरीही मी या नव्या साधनांच्या बाजूचा आहे आणि त्याचे कारण इथलेच आहे. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे, तिथे रासायनिक कारखाने आहेत. वायुगळती झाली तर कोणता व्हॉल्व्ह आधी बंद करायचा, वाऱ्याची दिशा पाहून कुठे पळायचे, हे खरी गळती घडवून कोणी शिकवू शकत नाही. डोळ्यांवर उपकरण चढवून आभासी कारखान्यात मात्र नव्या कामगाराला हीच चूक कितीही वेळा करू देता येते. जुलै 2021 मध्ये महाड तालुक्यात तळीये गाव दरडीखाली गेले. जुलै 2023 मध्ये खालापूर तालुक्यात इरशाळवाडी गेली. दरडीच्या छायेत राहणाऱ्या आमच्या वाड्यांसाठी, रात्री, पावसात, म्हाताऱ्या माणसांना घेऊन कोणत्या वाटेने बाहेर पडायचे, याचा सराव अशा जगात का तयार होऊ नये? 2005 मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात चुकून एक कल्पित रोग पसरला. खेळाडू कसे पळाले, कोण मदतीला धावले, कोणी रोग मुद्दाम पसरवला, यावर साथरोगाच्या अभ्यासकांनी नंतर गांभीर्याने लिहिले. खेळातली पळापळ माणसाच्या वागण्याबद्दल इतके सांगत असेल, तर रायगडच्या डोंगरासाठी केलेला सराव निश्चितच उपयोगी पडेल.

आता मूळ मुद्द्याकडे, टिपून घेणाऱ्या अभ्यासकाकडे येतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका मराठी माणसाने 1996 च्या गणेश चतुर्थीला ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू केले. पडद्यावर देवनागरी उमटवणे त्या काळी सोपे नव्हते. तिथे माणसे मोदकांची उकड विचारत आली, गझल लिहायला शिकली, दिवाळी अंक काढू लागली. तिथे शिकवणाऱ्याला कोणी नेमले नव्हते, ज्याला येत होते तो सांगत होता. पुढे 1 मे 2003 ला मराठी विकिपीडिया सुरू झाला, तोही अशाच विनामोबदला हातांनी वाढला. अशा हजारो लोकांचे बोलणे आज संशोधकांची सामग्री आहे. ते बोलणे उघड्यावर आहे म्हणून ते कोणाचेच नाही, असे मानण्याची सवय मला मान्य नाही. मानववंशशास्त्रज्ञ टॉम बोएलस्टॉर्फ यांनी ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात दोन वर्षांहून अधिक काळ क्षेत्रकार्य केले. तिथल्या माणसांना त्यांनी आपण अभ्यासक आहोत हे सांगितले, मुलाखतीला संमती घेतली. गावात जाताना आपण ओळख सांगतो, तशी तिथेही सांगावी लागते.

आणि संमतीच्या पुढची पायरी म्हणजे श्रेय. ‘फोल्डइट’ या खेळात प्रथिनांच्या घड्या घालायच्या असतात. माकडांना एड्ससारखा आजार करणाऱ्या एका विषाणूच्या विकराची रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून अधिक काळ सुटत नव्हती, ती 2011 मध्ये या खेळाडूंच्या साहाय्याने तीन आठवड्यांच्या आत सुटली. त्यावरच्या शोधनिबंधाच्या लेखकांत खेळाडूंच्या गटांची नावे आहेत. आपल्याकडेही उदाहरण आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही 30 तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ‘रॅड अ‍ॅट होम’ हा खगोलशास्त्रज्ञ आनंद होता यांनी 2013 मध्ये सुरू केलेला उपक्रम फेसबुकवरच्या समूहातून सामान्य पदवीधरांना आकाशाच्या रेडिओ प्रतिमा वाचायला शिकवतो आणि दुर्बिणीच्या निरीक्षणांपर्यंत नेतो. 2022 मध्ये त्यातल्या एका शोधावरचा निबंध रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला, आणि हा नागरिकांच्या सहभागातून लागलेला शोध आहे, हे त्याच्या शीर्षकातच लिहिले आहे. मला हे फार मोठे वाटते. शिकणारा, काम करणारा आणि श्रेय मिळवणारा इथे एकच आहे.

पेणमध्ये हा श्रेयाचा प्रश्न मातीत उतरतो. शहरात, हमरापुरात, जोह्यात गणपतीचे कारखाने आहेत. पेणच्या मूर्तीची खूण तिच्या डोळ्यांत असते, आणि डोळ्यांची आखणी ही सगळ्यात शेवटची आणि सगळ्यात अवघड गोष्ट. बारीक कुंचला, एकच रेघ, हात थरथरला की सगळ्या मूर्तीचा भाव बदलतो. हे काम शेजारी बसून, वर्षानुवर्षे बघून शिकले जाते. आता तरुण कारागीर आखणीचे व्हिडिओ मोबाइलवर टाकतात आणि कुठला कुठला मुलगा ते बघून कुंचला धरतो. हे शिकणे चांगलेच आहे. उद्या कोणी मूर्तींची त्रिमितीय प्रतिमा घेईल, आखणीची हालचाल टिपून आभासी कार्यशाळा उभारेल. तेही व्हावे, कारण आखणीचा हात गेला की तो परत आणता येत नाही. पण विचारल्याशिवाय दुसऱ्याचा साचा वापरणे इथे कोणाला आवडत नाही, आणि संगणकातली प्रतिमा हाही साचाच आहे. तो कोणाच्या हातचा, हे तिथे लिहिलेले असले पाहिजे, आणि त्यातून पैसा आला तर त्या घरापर्यंत त्याचा वाटा गेला पाहिजे.

जेवणाची आणि राहण्याची सोय करताना आमच्या मुलामुलींनी मनापासून कष्ट घेतले आहेत. काही उणे राहिले तर आम्हाला हक्काने सांगा. परिषदेतून सवड काढून एखाद्या कारखान्यात जा, मूर्तिकारांशी बोला, फोटो काढण्याआधी विचारा. आणि इथे वाचल्या जाणाऱ्या प्रत्येक निबंधाचा दोन पानी सारांश मराठीत करून आमच्या शाळांसाठी, वाचनालयांसाठी आणि ज्यांच्यावर तो निबंध आहे त्या माणसांसाठी मागे ठेवून जा. स्वागत समितीच्या वतीने मी आपल्याकडे एवढेच मागतो.