पाणी किती प्यावे?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाची संहिता)



वैशाख लागला की दारव्हा तालुक्यात ऊन सकाळी नऊपासूनच डोक्यावर येते. अडाण नदीच्या काठी वसलेले बोरी अरब दुपारी दोन वाजता अगदी सामसूम होते. यवतमाळ जिल्ह्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत जाणे ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. अशा दिवसांत घरोघरी एकच उपदेश ऐकू येतो, तो म्हणजे दिवसाला आठ ग्लास पाणी प्यावे. कोणी तीन लिटर सांगतो, तर कोणी चार. शिकलेला नातू आजीपुढे बाटली ठेवतो आणि संध्याकाळी ती किती रिकामी झाली ते पाहतो. आजी मात्र संभ्रमात पडते. तिचा चौविहार अनेक वर्षांचा आहे. सूर्यास्तानंतर ती पाण्याचा थेंबही घेत नाही. आपला नियम आपल्याच प्रकृतीला बाधत तर नाही ना, अशी शंका तिला चाटून जाते. ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर शास्त्राच्या आधारेच शोधले पाहिजे.

प्रथम या आठ ग्लासांचा उगम पाहू. १९४५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अन्न व पोषण मंडळाने प्रौढ व्यक्तीला दिवसाकाठी सुमारे अडीच लिटर पाणी पुरेसे असल्याचे नमूद केले. अन्नाच्या प्रत्येक कॅलरीमागे एक मिलिलिटर पाणी, असा त्यामागचा साधा हिशेब होता. त्याच ठिकाणी मंडळाने असेही स्पष्ट केले होते की, यांतील बहुतांश पाणी तयार अन्नातूनच मिळते. पुढे लोकांच्या लक्षात अडीच लिटरचा आकडा राहिला आणि हा खुलासा विस्मरणात गेला. २००२ साली मूत्रपिंडाच्या कार्याचे जाणकार डॉ. हाइन्झ वाल्टिन यांनी उपलब्ध संशोधनाचा धांडोळा घेतला. समशीतोष्ण हवामानात बैठे जीवन जगणाऱ्या निरोगी माणसाने दररोज आठ ग्लास पाणी प्यालेच पाहिजे, याला त्यांना शास्त्रीय पुरावा आढळला नाही.

त्यानंतरही अनेक संस्थांनी आकडे दिले. अमेरिकेतील वैद्यक संस्थेने २००४ साली पुरुषांसाठी ३.७ लिटर व स्त्रियांसाठी २.७ लिटर असे प्रमाण सांगितले. परंतु त्यात अन्नातील पाणी, चहा, दूध, ताक असे सारेच धरलेले होते. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० साली हेच प्रमाण अनुक्रमे २.५ व २ लिटर ठरविले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने निरोगी माणसासाठी सुमारे दोन लिटर पाणी सांगितले आणि कडक उन्हाळ्यात व श्रमाच्या कामात ही गरज वाढते, हेही सोबत नोंदविले. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ दिवसांच्या बालकापासून शहाण्णव वर्षांच्या वृद्धापर्यंत, २३ देशांतील ५,६०४ व्यक्तींच्या शरीरात रोज किती पाण्याची उलाढाल होते, ते त्यात मोजले गेले. वय, शरीराचे आकारमान, श्रम, उष्णता आणि हवेतील दमटपणा यांनुसार ती उलाढाल फार बदलते, असे दिसून आले. सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा अस्तित्वात नाही, हेच या सर्वांचे सार होय.

मग माणसाने काय मोजावे? व्यापारी घराण्यांना जमाखर्चाची वही परिचित आहे. शरीराचीही अशीच वही असते. साधारण हवेत, बैठ्या कामात लघवीवाटे दीड लिटरच्या आसपास, श्वास व त्वचेवाटे नकळत पाऊण ते एक लिटर आणि शौचावाटे शंभर-दोनशे मिलिलिटर पाणी बाहेर जाते. हा झाला खर्च. जमेच्या बाजूला वरण, भात, भाजी, ताक, फळे यांतून अर्धा ते एक लिटर पाणी येते. शिजलेल्या भातात निम्म्याहून अधिक पाणीच असते. काकडी व टरबुजात ते नव्वद टक्क्यांहून अधिक असते. अन्नाचे पचन व ज्वलन होताना शरीर स्वतःही पाव लिटरच्या आसपास पाणी निर्माण करते. उरलेली तूट, म्हणजे साधारण सव्वा ते दीड लिटर, पिण्यातून भरून निघते. चहाने शरीरातील पाणी संपते असा समज आहे. वास्तविक नेहमीच्या प्रमाणात घेतलेला चहाही जमेच्या बाजूलाच पडतो.

परंतु हा हिशेब सावलीतला आहे. मे महिन्यात शेतात वखर चालविणारा, रस्त्याच्या कामावर खडी उचलणारा किंवा बाजारात हमाली करणारा मनुष्य तासाभरात एक लिटरपर्यंत घाम गाळू शकतो. त्याला चार, पाच, प्रसंगी सहा लिटरही पाणी लागेल. त्याच दिवशी त्याच गावात पंख्याखाली बसलेल्या माणसाची गरज त्याच्या निम्मीही नसेल. दोघांना एकच आकडा सांगणे म्हणजे दोन निराळ्या दुकानांना एकच वही लावण्यासारखे आहे.

ही वही सांभाळणारा मुनीमही शरीरातच आहे. रक्तातील पाणी किंचितही घटले, की मेंदूतून एक संप्रेरक स्रवते आणि मूत्रपिंडे पाणी राखू लागतात. त्यामागोमाग तहान लागते. रक्तातील क्षारांची घनता दोन टक्क्यांनी वाढण्याच्या सुमारासच तहान जागी होते. खऱ्या अर्थाने धोका निर्माण होण्यास अद्याप अवकाश असतो. तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण व्यवहारात खरी आहे. शरीराने मात्र ती विहीर आधीच खणून ठेवलेली असते. निरोगी माणसाने तहानेवर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर हिशेब जुळला असे समजावे. तो गडद होऊ लागला तर पाणी वाढवावे.

तथापि काही ठिकाणी हा मुनीम चुकतो किंवा त्याचे ऐकले जात नाही. वृद्धापकाळी तहानेची जाणीव मंदावते आणि मूत्रपिंडांची पाणी राखण्याची शक्तीही घटते. तान्ह्या बाळाला तहान सांगता येत नाही. जुलाब, उलट्या वा ताप असताना खर्च अचानक वाढतो. आणखी एक कारण उघडपणे बोलले जात नाही. कापूस वेचणाऱ्या बाईला दिवसभर आडोसा मिळत नाही; एस. टी.ने लांबचा प्रवास करणाऱ्या भगिनीला स्वच्छ प्रसाधनगृहाची खात्री नसते. शाळेत मुलींची तीच अडचण असते. म्हणून त्या जाणूनबुजून पाणी टाळतात. अशा भगिनीला आठ ग्लासांचा उपदेश करण्यापेक्षा स्वच्छ प्रसाधनगृह उपलब्ध करून देणे अधिक उपकारक आहे.

पाणी म्हणजे सर्व काही नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या जाहीर सोहळ्यात उन्हाच्या त्रासाने १४ जणांना प्राणास मुकावे लागले. तेथील तापमान विदर्भातील मे महिन्याइतके नव्हते. पण दमट हवेत घाम सुकत नाही आणि शरीर निवत नाही. म्हणून पाण्याइतकीच सावलीही आवश्यक आहे. अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली, तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नये. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

अतिरेकाचीही दुसरी बाजू आहे. मूत्रपिंडे तासाला साधारण एक लिटरहून अधिक पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. त्याहून अधिक पाणी सतत पोटात गेले, तर रक्तातील मीठ पातळ होते आणि मेंदूला सूज येऊ शकते. २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता १३ टक्क्यांमध्ये हे मीठ घटलेले आढळले. ज्यांनी धावताना अति पाणी प्याले होते, त्यांच्यात हा धोका विशेष होता. घामातून पाण्याबरोबर मीठही जाते, याचा विसर पडू नये. १९७१ च्या बांगलादेश युद्धकाळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ व साखर मिसळलेले पाणी पाजून असंख्य प्राण वाचविले. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक गृहिणीला मुखोद्गत असावे. श्रमकऱ्याला चिमूटभर मीठ घातलेले ताक किंवा कैरीचे पन्हे देण्याची जुनी रीत याच तत्त्वावर उभी आहे.

मुतखड्याचा विकार ज्यांना एकदा झाला आहे, त्यांच्यासाठी मात्र अधिक पाणी हे औषधच आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील एका अभ्यासात, दिवसाला किमान दोन लिटर लघवी होईल इतके पाणी पिणाऱ्या रुग्णांपैकी १२ टक्क्यांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला. इतरांमध्ये हे प्रमाण २७ टक्के होते. याउलट हृदयाचे कार्य मंदावलेल्या वा डायलिसिसवर असलेल्या रुग्णाला पाणी मोजूनच घ्यावे लागते. एकाचे पथ्य दुसऱ्याचे कुपथ्य ठरते, ते असे.

आता आजीच्या शंकेकडे वळू. यवतमाळच्या अक्षांशावर मे महिन्यात सूर्यास्तापासून नवकारसीपर्यंतचा काळ बारा तासांच्या आत भरतो. डिसेंबरात तो चौदा तासांच्या जवळ जातो. म्हणजे कडक उन्हाळ्यात निर्जल काळ सर्वांत छोटा असतो आणि तोही रात्रीचा, विश्रांतीचा असतो. निरोगी व्यक्तीची मूत्रपिंडे इतका काळ पाणी सहज राखून धरतात. चौविहार तेवढ्याने अपायकारक ठरत नाही. चूक घडते ती दिवसा. दिवसभर पाण्याची आठवण राहत नाही आणि सूर्यास्ताच्या दहा मिनिटे आधी तांब्याभर पाणी घाईघाईने पोटात ढकलले जाते. त्यातील बरेचसे तासा-दोन तासांत लघवीवाटे निघून जाते आणि झोपमोड तेवढी पदरी पडते. सकाळी नवकारसी पारल्यावर एक पेला, मग दर दीड-दोन तासांनी थोडे थोडे आणि सायंकाळच्या जेवणात पातळ वरण किंवा खिचडी, असा क्रम ठेवल्यास व्रत आणि प्रकृती दोन्ही सांभाळली जातात.

तिविहार उपवास, अठ्ठाई किंवा वर्षीतपाच्या काळात आणखी एक गोष्ट घडते. अन्न बंद झाल्याने अन्नातून मिळणारे अर्धा ते एक लिटर पाणीही बंद होते आणि आरंभीच्या दिवसांत शरीरातून पाणी व मीठ अधिक वेगाने निघून जाते. म्हणून तपस्व्याने दिवसा उकळलेले पाणी नेहमीपेक्षा अधिक वेळा घ्यावे. मधुमेह, रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, विशेषतः लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्यांनी, तप आरंभण्यापूर्वी वैद्याचा सल्ला घ्यावा. पच्चक्खाणात आगार सांगितलेले आहेत आणि गंभीर आजारात समाधी टिकविण्यासाठीचा आगार त्यांपैकीच एक आहे. व्रत देणाऱ्यांनी मानवी देहाची मर्यादा प्रथमपासूनच जाणली होती.

शेवटी पाण्याच्या प्रतीविषयी. गाळून व उकळून पाणी पिण्याच्या परंपरेने कित्येक पिढ्यांचे रोगांपासून रक्षण केले आहे. परंतु यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर, झरी जामणी या भागांतील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त असल्याची समस्या परिचित आहे. फ्लोराइड गाळण्याने जात नाही. उकळल्याने वाफ निघून गेल्यावर ते किंचित अधिक घट्टच होते. शिवाय उष्ण प्रदेशात माणूस जितके जास्त पाणी पितो, तितके ते अधिक शरीरात जाते. दात व हाडे यांवर त्याचा परिणाम होतो. भारतीय मानकानुसार लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड इष्ट आणि दुसरा स्रोतच नसल्यास दीड मिलिग्रॅमपर्यंत चालण्याजोगे मानले जाते. ज्या घरी बोअरचे पाणी पिण्यात आहे, त्या घराने वर्षातून एकदा ते तपासून घ्यावे.

उन्हाळ्यात पाणपोई लावणे हे समाजात पुण्यकार्य मानले जाते आणि ते यथार्थच आहे. त्या पाणपोईवर सावली असावी, शेजारी स्वच्छ प्रसाधनगृह असावे आणि गल्लीतील एकट्या राहणाऱ्या वृद्धाला दुपारी कोणीतरी आठवणीने पाणी विचारावे. नातवाने बाटलीवरच्या खुणा मोजण्याऐवजी दर दोन तासांनी आजीजवळ पेला घेऊन जावे आणि दोन घटका तिच्यापाशी बसावे. आजीचा नियम अबाधित राहील आणि तिची प्रकृतीही.

जय जिनेंद्र!