मुठीत काय दडलंय?

लेथवर लाटणं कातायची रुंद, गोल पटाशी मी एकदा वाडग्याला लावली. दणका बसला, पटाशी मुठीपाशी मोडली आणि पातं कानाजवळून गेलं. चूक माझीच.

दोन्ही पटाश्या पन्हळीसारख्याच, म्हणून घोटाळा होतो. घेताना नुसती धार पाहू नका, मुठीत शिरणारा भाग पाहा. चौकोनी लाकूड गोल करणाऱ्या रुंद पटाशीचा तो भाग चपटा, अरुंद असतो. वाडग्याची पटाशी जाड, गोल सळईतून काढलेली, खोल खोबणीची. टेकूपुढे बरीच गेली तरी दम धरते. लाटण्यात लाकडाचे तंतू लांबीला धरून असतात. आडव्या फळीच्या वाडग्यात मात्र दर फेऱ्याला दोनदा त्यांची टोकं धारेसमोर येतात. धक्के तिथले.

पटाशी आधी टेकूवर ठेवा. धारेमागचा उतार फिरत्या लाकडाला नुसता घासू द्या, मग मूठ हळूहळू उचला. पातळ साल सुटू लागते. नुसता भुसा उडाला, तर बहुधा धार बोथटली किंवा उतार सुटला.

आणि चेहऱ्यावर पारदर्शक मुखवटा हवाच. त्या दिवशी माझा खिळ्याला टांगलेला होता.