दिनविशेष : नाव, तारीख आणि प्रश्न



शाळेच्या दर्शनी फळ्यावर दिनविशेष लिहिण्याचा प्रघात स्तुत्य आहे. परिपाठाच्या वेळी एखादा विद्यार्थी तो मोठ्याने वाचतो, इतर ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी फळा पुसला जातो. फळ्याबरोबर त्या दिवसाचा अर्थही पुसला जाऊ नये, यासाठी २८ फेब्रुवारी या एकाच तारखेचा विचार करू.

हा दिवस काही ठिकाणी चंद्रशेखर व्यंकट रामन यांची जयंती समजला जातो. ती चूक होय. रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात त्यांना लागलेल्या शोधाचे हे स्मरण असून, १९८७ पासून तो राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. जयंतीस तसबिरीला हार घालून भागते. शोधाच्या दिवशी मुलांना शोधाची वाट दाखवावी लागते.

ती वाट सात वर्षांची होती. १९२१ साली इंग्लंडहून परतताना रामन यांनी समुद्राची निळाई न्याहाळली. ते केवळ आकाशाचे प्रतिबिंब, हे रूढ उत्तर त्यांना पटले नाही. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, असे त्यांनी दाखविले. पुढे के. एस. कृष्णन प्रभृती सहकाऱ्यांसह त्यांनी अनेक द्रव तपासले. एकाच रंगाचा प्रकाश द्रवातून विखुरला, तर त्याचा अत्यल्प अंश बदललेल्या रंगाचा निघतो, असे आढळले. प्रकाश व रेणू यांच्यातील ऊर्जेच्या देवघेवीने हे घडते. प्रत्येक पदार्थाची ही खूण निराळी असल्याने पदार्थ ओळखण्यास ती उपयोगी पडते. १९३० चे नोबेल पारितोषिक रामन यांना याच कार्यासाठी लाभले.

याच तारखेस १९५३ साली केंब्रिज येथे वॉटसन व क्रिक यांना डीएनएच्या रचनेचा उलगडा झाला. फळ्यावर बहुधा हीच दोन नावे येतात. परंतु त्या उलगड्यास लंडनच्या किंग्ज कॉलेजातील रोझालिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण संशोधनाचा मोठा आधार होता. १९५८ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्या निवर्तल्या. १९६२ चे नोबेल पारितोषिक वॉटसन, क्रिक व विल्किन्स यांना मिळाले. वर्गातील मुलींच्या कानी फ्रँकलिन यांचे नाव शिक्षकानेच घालावयाचे आहे.

प्रयोगशाळा नाही, ही सबब येथे चालणार नाही. काचेच्या पेल्यातील पाण्यात दुधाचे थोडे थेंब टाकून अंधाऱ्या खोलीत एका बाजूने विजेरीचा प्रकाश सोडावा. आडव्या बाजूने पाहिल्यास पाणी निळसर भासते. समोरून पाहिल्यास विजेरीचा प्रकाश पिवळसर-तांबूस दिसतो. निळा प्रकाश अधिक विखुरतो, हे त्याचे कारण. पण ते आधी मुलांनाच शोधू द्यावे. हा रामन परिणाम नव्हे, साधे विकिरण आहे, हेही स्पष्ट करावे.

दिनविशेष लिहिताना शिक्षकाने तारखेखाली एक प्रश्न अवश्य लिहावा. दुसऱ्या दिवशी फळा पुसला गेला, तरी तो प्रश्न मुलांच्या मनात उरेल.