परक्या गावची दिवाळी

गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ मला भेटायला कॉलेजात आले. मुलीला इंग्लंडात एम. ए.ला प्रवेश मिळालेला. फीचे, व्हिसाचे, थंडीच्या कपड्यांचे सगळे प्रश्न झाले, चहा झाला, आणि दारापर्यंत जाऊन ते परत फिरले. म्हणाले, "सर, एक विचारू? दिवाळीत फार वाईट वाटतं का हो तिकडे?"

श्रोतेहो, त्यांना मी काय उत्तर दिले ते शेवटी सांगतो. आधी २००४ सालची हकीकत ऐका.

त्या वर्षी मी उत्तर इंग्लंडात लीड्स या गावी शिकत होतो. लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला, शुक्रवारी आले होते. परदेशात सणाची पहिली अडचण ही, की त्या दिवशी काहीच नसते. बस वेळेवर येते, ग्रंथालय उघडे असते, सकाळी दहाचा तास चुकत नाही, आणि रस्त्यावरच्या एकाही माणसाला आज काय आहे हे ठाऊक नसते. फटाके म्हणाल, तर आदल्याच आठवड्यात, ५ तारखेला, कान किटेपर्यंत वाजले होते. पण ते गाय फॉक्सच्या नावाने, १६०५ सालचा पार्लमेंट उडवून देण्याचा त्याचा कट फसला म्हणून. गंमत अशी, की त्याच वर्षी तिथे शोभेच्या दारूसंबंधी नवे नियम झाले होते. रात्री अकरानंतर फटाके बंद; ५ नोव्हेंबरला बारापर्यंत मुभा, आणि दिवाळीच्या रात्री एकपर्यंत! कायद्याला दिवाळी ठाऊक होती. माझ्या जिन्यावरच्या मंडळींना नव्हती.

घड्याळाचाही घोळच. हिवाळ्यात आपण त्यांच्यापुढे साडेपाच तास. घरी पहाटे साडेपाचला उटणे लागते, तेव्हा तिथे रात्रीचे बारा. बरोबर बाराला, कोपऱ्यावरच्या फोनच्या खोक्यात, पाच पौंडांचे कार्ड घेऊन मी उभा. आईने विचारले, "फराळाचं काय केलंस रे?" मी म्हटले, "अगं, इथं सगळं मिळतं. मोठा कार्यक्रम आहे." मग तिने, मी न विचारताच, सांगितले: चकल्या झाल्या, करंज्या झाल्या, अनारसे यंदा छान जाळीदार झालेत. कार्ड मध्येच संपले. पुढल्या वर्षी परत आलो तेव्हा बहिणीकडून कळले, की त्या दिवाळीला घरी कढई चढलीच नव्हती. नैवेद्यापुरते पेढे आणले होते, तेवढेच.

मला तेव्हा हे कुठले ठाऊक? आपण मारलेली थाप निदान चार आणे तरी खरी करावी, म्हणून मी पंजाबी दुकानदाराकडून बेसन आणि तुपाचा डबा आणला.

आमचे स्वयंपाकघर सहा जणांत एक, आणि त्याच्या छताला धुराची घंटा. फोडणी जरा करपली की ती बोंबलायची, आणि सगळी इमारत पायजम्यावर अंगणात येऊन उभी राहायची. मेणबत्तीलासुद्धा बंदी, तिथे पणती कुठली लावता? दुकानांतून नाताळच्या दिव्यांच्या माळा आधीच लागल्या होत्या. त्यांतली एक स्वस्तशी आणून खिडकीला बांधली आणि बेसन मंद आचेवर ठेवले. आता किती भाजायचे? आईची खूण एवढीच माहीत, की वास ओटीवर आला म्हणजे झाले. मी तर पातेल्यावरच ओणवा! तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून लाहोरचा विद्यार्थी बाहेर आला. रमजानचे शेवटचे दिवस, त्याचा रोजा. दारातूनच म्हणाला, "बस, हो गया. उतारो." दिवसभर पाण्याचा थेंबही न घेतलेल्या माणसाचे नाक चुकत नाही.

नोव्हेंबरात तिथे चार वाजून गेले की सूर्य मावळतो. त्याने खजुराने रोजा सोडला आणि पाठोपाठ माझा लाडू खाल्ला. लाडू कसले, तूप जास्त होऊन सगळे बसलेले. वड्या म्हणून खपले असते. वासाने बाकीचेही जमले. त्यांत चीनमधला एक अबोल मुलगा होता. लाडू हातात धरून त्याने विचारले, "हा घरच्यांबरोबरचा सण का?" मी हो म्हटले. तेव्हा तो म्हणाला, "आमचाही होऊन गेला. २८ सप्टेंबरला."

शरदातल्या पौर्णिमेचा सण तो, काहीसा आपल्या कोजागरीसारखा. घरच्या सगळ्यांनी मिळून चंद्र पाहायचा आणि गोल, सारण भरलेले केक वाटून खायचे. याने आईने बरोबर दिलेला एक केक खोलीचे दार लावून एकट्याने खाल्ला होता. मध्ये एक भिंत. अलीकडे स्वयंपाकघरात मी बहुधा खिचडी टाकत असेन. मला काही बोलता येईना. त्याच्या बशीत आणखी एक लाडू ठेवला.

त्याच शनिवार-रविवारी ईद आली. ती कोणी विसरले नाही. शेवया मात्र लाहोरकराने करपवल्या, घंटा वाजली, आणि आम्ही सगळे पुन्हा अंगणात.

आता मुलांच्या हाती समोरासमोर चेहरा दाखवणारे फोन आहेत. थाप मारण्याची ती सोय गेली, हे बरे की वाईट कोण जाणे.

असो. त्या गृहस्थांना मी म्हटले, "वाटतं. चांगलंच वाईट वाटतं." ते गप्प झाले. मग सांगितले, "बेसन तिकडे मिळतं, चकलीची भाजणी मिळेलच असं नाही. दोन किलो बांधून द्या. आणि म्हणावं, पहिल्याच आठवड्यात शेजारच्या खोल्यांतून कोणाचा सण कधी येतो ते विचारून ठेव."

त्यांनी खिशातून डायरी काढली, आणि भाजणीचे तेवढे लिहून घेतले.