निळ्या तेजाचे ताईत



इजिप्त म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पिरॅमिड उभे राहतात. आज मात्र आम्ही आपणांस बोटाच्या पेराएवढी एक वस्तू दाखवणार आहोत. ती म्हणजे तेथील माणसाच्या गळ्यातला निळा ताईत.

हा ताईत कशाचा? पाहणाऱ्यास तो चिनीमातीचा वाटेल. पण त्यात माती जवळजवळ नाहीच. गारगोटी किंवा वाळू कुटून तिची पूड करावयाची, तीत थोडा चुना, थोडा खार आणि तांब्याचा अंश मिसळून लगदा मळावयाचा व तो साच्यात दाबावयाचा. लगदा वाळू लागला की आतला खार ओलाव्याबरोबर वर येतो. आपल्या भिंतींना लोणा फुटतो ना, तसाच. मग सुमारे ८०० ते १००० अंशांच्या भट्टीत तो खार वितळून त्याची काचेसारखी झिलई होते आणि तांबे तिला निळा-हिरवा रंग देते. झिलई चढवण्याच्या इतर रीतीही होत्या. पण या रीतीत ती वस्तूच्या अंगातूनच उमलते!

या पदार्थास आज 'फायान्स' म्हणतात. ते नाव इटलीतील फाएन्झा गावावरून आले. तेथली भांडी मात्र मातीची. इजिप्तची माणसे याला 'झळाळणारे' अशा अर्थाच्या नावाने ओळखत.

सिनाईचा पिरोजा आणि दूर अफगाण पहाडातून येणारा लाजवर्द महाग होता. मग फायान्स म्हणजे गरिबाचे नकली रत्न काय? तसे म्हणवत नाही. इ. स. पू. २६५० च्या सुमारास झोसर राजाने सक्कारा येथील आपल्या पिरॅमिडखालच्या दालनांत याच पदार्थाच्या सुमारे ३६,००० फरश्या बसवल्या. हिरवा रंग म्हणजे त्या लोकांच्या लेखी कोवळ्या रोपाचा, नव्या जीवनाचा रंग. निर्जीव वाळूला तेज येते, तर मेलेल्या माणसास का येऊ नये? ही आशा त्या रंगात होती, असे आम्हांला वाटते.

आशेबरोबर भयही होते. सेत देवाने होरसचा डोळा फोडला, तो पुढे बरा झाला. त्या अखंड डोळ्याचे ताईत जिवंतांच्या गळ्यात आणि मृतांच्या अंगावर असत. गर्भवतीची रक्षक तावेरेत देवी पाणघोड्याच्या रूपाची. अन् पाणघोडा तर नाव उलथवणारा, पिके तुडवणारा! न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १९१७ पासून असाच एक निळा पाणघोडा आहे. वीतभर लांबीचा, अंगावर कमळे रेखलेला, सुमारे चार हजार वर्षांपूर्वी थडग्यात ठेवलेला. त्याचे तीन पाय मुद्दाम मोडलेले होते. आज दिसतात ते नव्याने जोडलेले. परलोकात त्याने धन्यावर उलटू नये, म्हणून ही खबरदारी असावी.

पेट्रीला १८९१-९२ साली अमार्ना येथे असल्या वस्तूंचे मातीचे साचे हजारोंनी सापडले. हजारो साचे, म्हणजे घरोघरची काळजी किती! त्या ताइतांनी किती बाळंतिणी वाचल्या, हे आम्ही विचारीत नाही. पण आपल्या माणसासाठी जीव तुटतो तेव्हा माणूस वाळूलाही तेज आणतो, एवढे त्या निळ्या मण्याकडे पाहून कळते.